‘डॉक’ या नोंदीचे काम : जानेवारी-फेब्रुवारी २०२५

६ जानेवारी २०२५, सोमवार

आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशातील ‘डॉक’ ही नोंद आजपासून माझ्याकडे आली आहे. जुन्या मसुद्यात या शब्दापुढे गोदी, धक्का, आरोपीचा पिंजरा, शेपूट छाटणे, पगार कापणे, एक पालेभाजी आणि अंतराळयाने जोडणे हे सगळे अर्थ एकाच क्रमांकाखाली स्वल्पविराम देत ओवलेले आहेत. अशी नोंद वाचणाऱ्याची समजूत होईल की इंग्रजांनी एकाच शब्दाला सात ठिकाणी राबवून घेतले. प्रत्यक्षात येथे चार निरनिराळे शब्द आहेत; त्यांची कुळे वेगळी, इंग्रजीत शिरण्याच्या वाटा वेगळ्या आणि काळही वेगळा, आणि केवळ उच्चार झिजून सारखे झाल्यामुळे व पुढे स्पेलिंगही एकच ठरल्यामुळे ते एका पंगतीला येऊन बसले आहेत.

मराठी वाचकाला हा प्रकार अनोळखी नाही. ‘नाव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हे दोन शब्द अनुक्रमे ‘नामन्’ आणि ‘नौ’ यांच्यापासून आले असून त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. याउलट नारळाचा डोळा, उसाचा डोळा आणि मोरपिसावरचा डोळा हे तिन्ही माणसाच्या डोळ्यावरूनच निघाले आहेत, म्हणून तेथे शब्द एक आणि अर्थ अनेक. कोशकाराने पहिल्या प्रकाराला स्वतंत्र क्रमांक द्यावेत आणि दुसऱ्या प्रकारातील अर्थ एकाच क्रमांकाखाली उतरत्या पिढ्यांप्रमाणे मांडावेत, ही जुनी शिस्त आहे. ‘डॉक’मध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात, म्हणून मी ही नोंद मोडून पुन्हा बांधण्याची परवानगी मागितली आहे.

संगणकावर शोध घेताना एक अडचण रोज येते, तीही येथे टिपून ठेवतो. जुन्या छापील मजकुराचे स्कॅन वाचणारी प्रणाली ‘डॉक’वरचा चंद्र पुष्कळदा गिळून टाकते आणि मग गोदीच्या शोधात टपालखात्याची ‘डाक’ हाती येते. त्यामुळे प्रत्येक उतारा डोळ्यांनी तपासूनच उदाहरण म्हणून घ्यायचा, असे ठरवले आहे.

९ जानेवारी, गुरुवार

जहाजांच्या ‘डॉक’पासून सुरुवात केली. हा शब्द इंग्रजीत समुद्रापलीकडून, म्हणजे मध्ययुगीन डच आणि उत्तर जर्मन किनाऱ्यावरच्या बोलींमधून आला. त्या बोलींत ‘डोक्क’ असे रूप होते. इंग्लंडचा या किनाऱ्याशी शतकानुशतके व्यापार चाललेला होता, मासेमारीत आणि जहाजबांधणीत तेथले कसब वरचढ होते, आणि त्यामुळे ‘स्किपर’, ‘डेक’, ‘यॉट’ अशी दर्यावर्दी शब्दांची एक मोठी खेपच त्या बाजूने इंग्रजीत उतरली. ‘डॉक’ त्याच खेपेतला. डच रूपाच्याही मागे जाऊन काही अभ्यासक त्याचे मूळ लॅटिनमधील ‘नेणे’ या अर्थाच्या धातूत शोधतात, परंतु त्यावर एकमत झालेले नाही. आमच्या नोंदीने डच रूपापाशी थांबावे हे उत्तम.

मला या शब्दाच्या सर्वांत जुन्या अर्थाने अधिक गुंतवून ठेवले. आज डॉक म्हटले की दगडी भिंती, लोखंडी दरवाजे आणि क्रेन डोळ्यांपुढे येतात. सुरुवातीला यांपैकी काहीच नव्हते. ओहोटीला जहाज चिखलात टेकले की त्याच्या बुडाच्या आकाराचा जो खळगा पडतो, त्या खळग्याला ‘डॉक’ म्हणत असत. जहाज पुढच्या भरतीला निघून जाई आणि खळगा मागे राही. पुन्हा आल्यावर त्याच खळग्यात जहाज बसवले की ते कलंडत नसे. पुढे लोकांनी असे खळगे मुद्दाम खणले, मग त्यांच्या तोंडाशी बांध घातला, मग बांधाच्या जागी दरवाजा आला. बांधकामाची प्रत्येक पायरी वाढत गेली, परंतु शब्द मात्र चिखलातलाच राहिला.

१२ जानेवारी, रविवार

दुपार उतरल्यावर ओहोटीची वेळ साधून शिवडीच्या जेट्टीवर गेलो. रोहित पक्षी पाहायला आलेल्यांची गर्दी होती आणि सगळ्यांच्या दुर्बिणी दूरवर रोखलेल्या होत्या. मला जे पाहायचे होते ते अगदी पायाशी होते. पाणी हटल्यावर एक लाकडी होडी चिखलात एका बाजूला किंचित झुकून बसली होती. तिच्या बुडाच्या कडेने काळ्या गाळाची गोलसर वरंबी उठली होती आणि मागच्या बाजूला, जेथे ती आदल्या भरतीला थोडी सरकली असावी, तेथे तिच्याच आकाराचा एक रिकामा साचा उघडा पडला होता. त्यात वीतभर पाणी साचलेले होते आणि त्या पाण्यात निवट्या उड्या मारत होत्या. शब्दाचा मूळ अर्थ इतका उघड्यावर पडलेला क्वचितच सापडतो. छायाचित्र काढले आहे. कोशाच्या ऑनलाइन आवृत्तीत पहिल्या अर्थाशेजारी तेच लावावे, असे सुचवले आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आज भोगी. दादरच्या बाजारात पालेभाज्यांचे ढीग लागलेले होते आणि माझ्या दुसऱ्या ‘डॉक’ची ओळख तेथेच पटवून घेतली.

वनस्पतीवाचक ‘डॉक’ हा चौघांतला सर्वांत वडील आणि अस्सल इंग्रजी घरातला. प्राचीन इंग्रजीत तो ‘डोक्के’ या रूपात आढळतो, म्हणजे इंग्लंडवरील अकराव्या शतकातल्या नॉर्मन स्वारीच्याही आधीपासून तो त्या भाषेत आहे. शास्त्रीय नावांत हे कुळ ‘रूमेक्स’ या नावाने ओळखले जाते. इंग्लंडमध्ये ते शेताच्या बांधावर आणि रस्त्याच्या कडेला माजणारे रुंद पानांचे तण आहे, म्हणून आधीच्या मसुद्यात कोणीतरी ‘एक प्रकारचे तण’ एवढे लिहून विषय मिटवला होता. परंतु याच ‘रूमेक्स’ कुळातील एक भाऊबंद आपल्या ताटात नित्य असतो, तो म्हणजे चुका. आंबट चुक्याचे शास्त्रीय नाव ‘रूमेक्स व्हेसिकेरियस’, आणि इंग्रजीत त्याला ‘ब्लॅडर डॉक’ असेच म्हणतात. संस्कृतात तो ‘चुक्र’. भाजीवाल्या मावशींनी जुडी सोडून दाखवली तेव्हा पोपटी, मांसल, बाणाच्या फाळासारखी पाने आणि बुडाशी किंचित लाली असलेले देठ नीट पाहता आले. ‘चाकवत नाही हां, चुका आहे, बघून घ्या,’ असे त्यांनी दोनदा बजावले, कारण गिऱ्हाईक या दोन जुड्यांमध्ये हमखास गोंधळते.

एक विषयांतर मला येथे आवरत नाही. इंग्लंडमधील खेड्यांत खाजऱ्या ‘नेटल’चा चटका बसला की डॉकचे पान चोळतात, आणि ही समजूत इतकी जुनी आहे की चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने ‘नेटल आत, डॉक बाहेर’ अशा अर्थाचा वाक्प्रचार चंचल मनाविषयी वापरला आहे. आपल्याकडे अळूचे फदफदे करताना त्यात चुका हटकून घालतात, कारण आंबट घातल्याशिवाय अळू घशाला खवखवते. एकाच कुळातील पाला खाजेवर उतारा म्हणून दोन दूरच्या मुलखांत दोन तऱ्हांनी वापरला जावा, हा योगायोग कोशात मावणारा नाही, म्हणून नोंदवहीत ठेवतो. कोशात मात्र असे लिहायचे ठरले: ‘चुक्याच्या कुळातील रुंद पानांची वनस्पती’. नुसते ‘चुका’ लिहिले तर इंग्लंडच्या बांधावरचे कडवट तण वाचकाला भाजीत घालावेसे वाटेल.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून बातम्यांत ‘डॉकिंग’ हा शब्द सतत कानांवर पडतो आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाने सोडलेले, इस्रोच्या ‘स्पेडेक्स’ या अंतराळ-जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह आज एकमेकांना जोडले गेले. प्रत्येकी सुमारे २२० किलो वजनाच्या या दोघांपैकी एक पाठलाग करणारा आणि दुसरा लक्ष्य. १५ मीटरवरून ३ मीटरवर येऊन थांबायचे आणि मग हलकेच भिडायचे, असा तो क्रम होता. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यानंतर हे साधणारा भारत हा चौथा देश ठरला.

मराठी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘डॉकिंग’ तसाच ठेवला, काहींनी ‘जोडणी’ असे लिहिले. कोशापुढचा प्रश्न असा की हा अर्थ पाचवा शब्द मानावा की जहाजाच्या ‘डॉक’चा वंशज. उत्तर निःसंशय दुसरे आहे. अंतराळातील पहिली जोडणी १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी ‘जेमिनी ८’ हे यान ‘अजिना’ या निर्मनुष्य यानाला भिडवून केली, आणि त्या काळातील अभियंत्यांनी यानांसाठी जवळजवळ सगळी परिभाषा जहाजांकडूनच उसनी घेतली होती. जहाज गोदीत अलगद नेऊन बसवायचे, तसेच यान यानात. फरक एवढाच की गोदी जागची हलत नाही आणि अंतराळात दोघेही सेकंदाला काही किलोमीटर या वेगाने धावत असतात. लॅपटॉपसाठीचे ‘डॉकिंग स्टेशन’ आणि संगणकाच्या पडद्याखाली चिन्हांची पट्टी असते तो ‘डॉक’ हेही याच शाखेला फुटलेले अंकुर आहेत. त्यांना एकेक ओळ पुरेल.

२० जानेवारी, सोमवार

आमच्या गटात गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारा कारकून, म्हणून उमेदीची वर्षे काढलेले एक काका आहेत. गोदीविषयक अर्थ त्यांच्याकडून तपासून घेण्यासाठी आज त्यांना बोलावले होते आणि बैठक ठरल्यापेक्षा बरीच लांबली, याचे मला समाधान आहे.

त्यांचा पहिला आक्षेप ‘गोदी’ आणि ‘धक्का’ एकाच ओळीत लिहिण्याला होता. त्यांचे म्हणणे सरळ होते: ‘गोदी म्हणजे पाणी, धक्का म्हणजे दगड.’ ब्रिटिश इंग्रजीत ‘डॉक’ म्हणजे भिंतींनी आणि दरवाजांनी अडवलेले ते पाणीच असते, जहाज ‘डॉकमध्ये’ जाते. अमेरिकेत मात्र ‘डॉक’ म्हणजे पाण्याच्या कडेचा फलाट, ज्यावर माणूस चालू शकतो; ब्रिटिश माणूस त्यालाच ‘वार्फ’, ‘की’ किंवा ‘पिअर’ म्हणतो. मुंबईतील जागांचे इंग्रजी नामकरण ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव ‘फेरी वार्फ’ झाले, ‘डॉक’ झाले नाही. म्हणून ‘धक्का’ हा अर्थ ‘विशेषतः अमेरिकी वापर’ अशा खुणेसह वेगळा काढला. याच अमेरिकी शाखेतून मालगोदामाचा ‘लोडिंग डॉक’ आला, ज्याला भिवंडीच्या गोदामांत ‘गाडी डॉकला लागली’ असे सहज म्हटले जाते.

दुसरा मुद्दा दरवाजांचा. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत साडेतीन मीटरहून अधिक फरक पडतो. उघड्या धक्क्याला लावलेले जहाज तेवढे वर-खाली होत राहिले तर माल चढवणे-उतरवणे जिकिरीचे होते. ओहोटीला खोली कमी पडली तर जहाज तळाला टेकते. दरवाजे लावून आतले पाणी भरतीच्या पातळीला कोंडून ठेवले की ही चिंता मिटते, आणि अशा कोंडलेल्या पाण्याला ‘वेट डॉक’ म्हणतात. याउलट ‘ड्राय डॉक’मध्ये जहाज आत घेऊन दरवाजा लावतात आणि पाणी उपसून टाकतात, म्हणजे जहाजाचे बूड उघडे पडते आणि त्यावर चिकटलेले शिंपले खरवडून रंगकाम करता येते. मूळ चिखलातल्या खळग्याचे हे दोन परस्परविरोधी वंशज. एकाचे काम पाणी धरून ठेवण्याचे, दुसऱ्याचे पाणी घालवण्याचे. ‘वेट डॉक’साठी ‘ओली गोदी’ आणि ‘ड्राय डॉक’साठी ‘सुकी गोदी’ ठेवले आहे. काका म्हणाले की कामावर कोणी ‘सुकी गोदी’ म्हणत नसे, सगळे ‘ड्राय डॉक’च म्हणत, तरीही अर्थ सांगण्यासाठी शब्द पारदर्शक आहे, म्हणून दोन्ही देऊ.

या शहराला दोन्ही प्रकारांचा इतिहास आहे. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या नाविक गोदीत १७५० साली आशियातील पहिली सुकी गोदी बांधली गेली. वाडिया घराण्याने येथे सागवानी जहाजे बांधली, त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. ओल्या गोद्या बऱ्याच नंतरच्या: कुलाब्याचा ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, १९१४ चा. इंदिरा डॉकच्या तोंडाशी असलेला लॉक, म्हणजे दोन दरवाजांमधला पाण्याचा कप्पा, २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद आहे, आणि त्यामुळेच भरती असो वा ओहोटी, जहाजाला केव्हाही आत घेता येते. काकांनी यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट अशी दरवाजांची नावे एका दमात सांगितली आणि गोदीत पत्ता रंगांनीच सांगायचा असतो, हेही.

उदाहरणवाक्य कोणते घ्यावे यावर वाद झाला नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामी आले आणि १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ पाळला जातो. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ही घटना ‘गोदीतला स्फोट’ एवढ्याच शब्दांत राहिली आहे. उदाहरणवाक्यात तेच शब्द जसेच्या तसे घेतले.

२३ जानेवारी, गुरुवार

न्यायालयातील ‘डॉक’. या शब्दाचे कूळ सर्वांत हलके आणि कदाचित म्हणूनच सर्वांत बोलके आहे. फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियममधील डच, भाषेत ‘डोक’ म्हणजे जनावरांचा पिंजरा, कोंबड्यांचे खुराडे, सशांची पेटी. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द इंग्लंडमधील चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत आला. म्हणजे पिंजऱ्याला पिंजरा म्हणणारे पहिले लोक न्यायाधीश नव्हते, त्या पिंजऱ्यात उभे राहण्याची सवय असलेले लोक होते. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात ‘बेल-डॉक’ नावाचा एक वरून उघडा कोपरा होता; १६७० साली विल्यम पेन यांच्यावरील खटल्यात न्यायाधीशांशी हुज्जत घातल्याबद्दल त्यांना तेथे लोटण्यात आले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात हा शब्द भामट्यांच्या बोलीतून उठून प्रतिष्ठित वृत्तपत्री इंग्रजीत स्थिरावला.

मराठीत ‘आरोपीचा पिंजरा’ ही शब्दयोजना फ्लेमिश मुळाशी इतकी तंतोतंत जुळते की नोंद लिहिताना क्षणभर थांबावे लागले. मात्र आमच्या गटातील वकीलबाईंनी एक सावधगिरी सुचवली, ती महत्त्वाची आहे. मराठीत साक्षीदारालाही ‘पिंजऱ्यात’ उभे करतात, इंग्रजीत साक्षीदार कधीही ‘डॉक’मध्ये जात नाही, तो ‘विटनेस बॉक्स’मध्ये जातो. त्यामुळे आमच्या मराठी-इंग्रजी भागात ‘पिंजरा’ या शब्दाखाली दोन्ही बाजू स्पष्ट वेगळ्या कराव्या लागतील, नाहीतर एखादा भाषांतरकार निरपराध साक्षीदाराला आरोपी करून मोकळा होईल.

त्यांनी आणखी एक जोडशब्द दिला: ‘डॉक आयडेंटिफिकेशन’, म्हणजे साक्षीदाराने भर न्यायालयात पिंजऱ्यातील आरोपीकडे बोट दाखवून ‘हाच तो’ असे सांगणे. आपल्या कायद्यात न्यायालयातील ही ओळख हाच मूळ पुरावा मानला जातो, तर तपासादरम्यान होणारी ओळखपरेड ही त्याला केवळ दुजोरा देणारी. हा जोडशब्द निकालपत्रांत वारंवार येतो आणि मराठीत त्याला सुटसुटीत पर्याय नाही. ‘न्यायालयातील प्रत्यक्ष ओळख’ असे लिहिले आहे. ‘इन द डॉक’ या वाक्प्रचाराला मात्र पर्याय शोधावा लागला नाही. मंत्री, प्रशिक्षक, समीक्षक, कोणालाही ‘आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे’ हे आपल्या अग्रलेखांना पुरेपूर सवयीचे आहे.

मुंबईतील उदाहरण म्हणून वकीलबाईंनी उच्च न्यायालयाच्या सेंट्रल कोर्टाचे नाव घेतले. तेथेच न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सुनावली, आणि टिळकांनी त्या वेळी काढलेले उद्गार आज त्या दालनाशी फलकावर कोरलेले आहेत. आम्ही हे उदाहरण घेतले नाही. एका ओळीच्या उदाहरणात टिळक आणि ‘पिंजरा’ शेजारी आले की वाचकाचे लक्ष शब्दावर राहत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

चौथा ‘डॉक’ म्हणजे शेपटीचा मांसल बुंधा, ज्याच्यावर केस उगवतात तो हाडांचा भाग. मध्ययुगीन इंग्रजीत हे नाम होते. त्याचा नातेवाईक प्राचीन इंग्रजीत बोटांच्या स्नायूंसाठीच्या एका शब्दात दिसतो. नामावरून क्रियापद झाले ते ‘बुंधा शिल्लक ठेवून शेपूट छाटणे’ या अर्थाने. चौदाव्या शतकातच ते माणसांच्या केसांनाही लागू झालेले दिसते, कारण चॉसरने एका कारभाऱ्याचे वर्णन करताना त्याचे पुढचे केस पाद्र्यासारखे ‘डॉक’ केलेले होते असे म्हटले आहे. वनस्पतीचा ‘डॉक’ आणि छाटण्याचा ‘डॉक’ हे दोन्ही एकाच कवीच्या लेखनात सापडतात, ही नोंद क्रमांक वेगळे ठेवण्याच्या बाजूने चांगला पुरावा आहे.

शेपटी छाटण्यामागे व्यवहार होता. मेंढीच्या शेपटीभोवतीच्या लोकरीत विष्ठा साचली की माश्या तेथे अंडी घालतात आणि अळ्या जिवंत मेंढीला खातात. गाडीच्या घोड्याची शेपटी लगामांत अडकते. घोड्यांच्या बाबतीत ब्रिटनने १९४९ साली कायदा करून ही प्रथा बंद केली.

पगार कापण्याचा अर्थ याच क्रियापदापासून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस फुटला, आणि त्याची प्रतिमा समजून घेतली तर मराठी पर्याय निवडणे सोपे जाते. ‘डॉक’मध्ये पगार पूर्ण रोखला जात नाही, टोकाचा तुकडा छाटला जातो. ‘पगार कापणे’ आणि ‘पगाराला कात्री लावणे’ हे दोन्ही नेमके बसतात. गिरणगावात या कापण्याच्या कारणाला ‘खाडा’ असा शब्द होता: खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. आजच्या कार्यालयांत ‘तीन लेट मार्कांना अर्धी रजा’ हे त्याचे पांढरपेशे रूप आहे.

कायद्याच्या बाजूने पाहिले असता, वेतन प्रदान अधिनियम, १९३६ अनुसार गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच असावी लागत असे. परंतु दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, योग्य सूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले तर प्रत्येकाचे आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा त्यात होती. शेपटीचा ‘तुकडा’ केवढा असावा, याची ही कायदेशीर मोजपट्टी म्हणायची. काकांना हे कलम तोंडपाठ होते, आणि गोदीतील माणसाला ते का पाठ असावे हे विचारण्याची गरज पडली नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

क्रम कसा लावायचा, यावर संपादक मॅडमशी आज सविस्तर चर्चा झाली. माझा मसुदा वयाप्रमाणे होता: आधी वनस्पती, मग शेपटी, मग जहाज, शेवटी न्यायालय. त्यांचे म्हणणे असे की मुंबईत ‘डॉक’ हा शब्द कोशात शोधणाऱ्या माणसाला चुक्याच्या कुळापाशी थांबवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. कोणता शब्द आधी जन्मला हे त्याला जाणून घ्यायचे नसते, त्याच्या हातातील वाक्यात कोणता बसतो हे त्याला हवे असते. मला वयाचा क्रम प्रिय असला तरी त्यांचा युक्तिवाद कोशाच्या वापरकर्त्याच्या बाजूचा आहे. तडजोड अशी ठरली की क्रमांक वापराच्या वारंवारतेप्रमाणे द्यायचे, मात्र प्रत्येक क्रमांकाच्या आतील अर्थ उत्पत्तीच्या क्रमानेच मांडायचे. म्हणजे पहिल्या क्रमांकात खळगा, ओली गोदी, सुकी गोदी, धक्का, गोदामाचा फलाट, अंतराळ जोडणी, संगणकाचे डॉकिंग स्टेशन ही वाट वाचकाला एका नजरेत दिसेल, आणि चिखलातून अंतराळापर्यंतचा प्रवास समजावून सांगण्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागणार नाही.

विशेषनामांचा प्रश्नही आजच निकालात काढला. हार्बर मार्गावरील ‘डॉकयार्ड रोड’ स्थानक उदाहरणांत ठेवावे की नाही? योगायोगाने याच मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवर चालणारी लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, त्याला आज १०० वर्षे झाली. दुसरीकडे, राज्य विधिमंडळाने जुलै २०२४ मध्ये मुंबईतील काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव संमत केला, त्यात ‘डॉकयार्ड रोड’चे ‘माझगाव’ करण्याचा प्रस्ताव आहे. माझगाव हे गावाचे मूळ नाव असल्यामुळे त्याला माझा विरोध नाही; तथापि, रोज लाखो मराठी माणसांच्या कानांवर पडणारा ‘डॉक’ हा उच्चार लोकलच्या घोषणेतून गेला तर हा शब्द बोलीत टिकवणारा एक मोठा आधार जाईल, एवढे कोशकार म्हणून नोंदवावेसे वाटते. स्थानकाचे नाव ठेवले आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अंतिम मजकूर आज मुद्रितशोधनाला दिला. त्यातील मुख्य भाग असा:

डॉक (१), नाम व क्रियापद, डचमधून: जहाजाच्या बुडाने चिखलात पडलेला खळगा (जुना अर्थ), गोदी, विशेषतः दरवाजांनी पाणी कोंडलेली, ड्राय डॉक, सुकी गोदी, धक्का (विशेषतः अमेरिकी), गोदामातील माल चढवण्या-उतरवण्याचा फलाट, जहाज गोदीत घेणे, अंतराळयाने एकमेकांना जोडणे, लॅपटॉप जोडण्याचे साधन, संगणकाच्या पडद्यावरील चिन्हांची पट्टी. डॉक (२), नाम, फ्लेमिशमधून: न्यायालयातील आरोपीचा पिंजरा, ‘इन द डॉक’, आरोपीच्या पिंजऱ्यात (लाक्षणिक अर्थानेही). डॉक (३), नाम व क्रियापद, मध्ययुगीन इंग्रजी: शेपटीचा मांसल बुंधा, शेपूट छाटणे, पगार, गुण इत्यादी कापणे. डॉक (४), नाम, प्राचीन इंग्रजी: चुक्याच्या कुळातील रुंद पानांची वनस्पती.

‘डॉकर’ आणि ‘डॉकयार्ड’ पहिल्या क्रमांकाला जोडले. ‘बर्डॉक’ या काटेरी बोंडांच्या झुडपाच्या नावातील दुसरा अर्धा भाग चौथ्या क्रमांकातला आहे, म्हणून तेथे परस्परसंदर्भ दिला. ‘डॉक्टर’ आणि ‘डॉक्युमेंट’ यांचा या चौघांशी काही संबंध नाही. ते लॅटिनमधील ‘शिकवणे’ या धातूपासून आले आहेत, आणि केवळ वर्णक्रमामुळे पानावर खाली येतील. राहता राहिला ‘डॉकेट’. तो पंधराव्या शतकात ‘सारांश’ या अर्थाने दिसू लागला, त्याचा उगम निश्चित ठरलेला नाही आणि छाटण्याच्या ‘डॉक’शी त्याचे नाते जुळवण्याचा मोह होत असला तरी पुरावा नाही. त्याला स्वतंत्र नोंद द्यावी, असा शेरा मारून तो पुढील सहकाऱ्याकडे सोपवला आहे.